पहिल्या नंबरची मेंबर

रशीदाला खुर्चीवर बसवलं, हातात पावती दिली आणि दोन बाजूंना दोन पुढारी उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा हसा." रशीदा काही हसेना. आपण खुर्चीत आणि दीक्षित सर उभे, यात काहीतरी चुकतंय असं तिला वाटत होतं. ती उठायला गेली की थेटे तात्या दोन्ही हात हवेतल्या हवेत खाली दाबायचे. "बसा ताई, बसा. आज तुमचा मान."

मी दाराशी उभी राहून पदराआड हसत होते.

हे कोळनेरात, लोकसमता पक्षाच्या ऑफिसात. पक्ष जेमतेम पंधरा दिवसांचा होता. त्याआधी आमचा श्रमिक समाज पक्ष होता: आम्ही विडी वळणाऱ्या बाया, हमाल, चार-दोन शिक्षक आणि सगळ्यांच्या वर दीक्षित सर. तात्यांचा किसान प्रजा पक्ष होता. त्यात सत्तर एकर बागाईतवाले तात्या आणि त्यांचे पाव्हणेरावळे. हेही म्हणायचे आम्ही गरिबांचे, तेही म्हणायचे आम्ही गरिबांचे. दोघंही जातधर्म मानत नव्हते. पंचवीस वर्षं दोघांनी एकमेकांना पाडण्यापलीकडे काही केलं नाही. मग तिकडे मुंबईत मोठ्यांनी मोठ्यांना मिठ्या मारल्या आणि इकडे हुकूम आला, की आजपासून तुम्ही एक.

मी सरांना विचारलं होतं, "सर, इतकी वर्षं दोन पक्ष कशासाठी होते मग?"

"वैचारिक मतभेद होते, ठकूबाई."

"आणि आता?"

"आता वैचारिक ऐक्य आहे."

"मधल्या मधे ते मतभेद कुणी नेले?"

सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं पुसला. उत्तर नसलं की ते चष्मा पुसायचे. त्या वर्षी त्यांचा चष्मा फार स्वच्छ असायचा.

ऐक्य म्हणजे काय, ते ऑफिसात शिरलं की दिसायचं. सगळं निम्मं निम्मं. दोन अध्यक्ष, दोघांची नावं 'सह' लावून. दोन टेबलं, सारख्या लांबीची, तात्यांनी स्वतः टेप लावून मोजलेली. भिंतीवर आमचे दिवंगत पुढारी पाच, त्यांचे दिवंगत पुढारी चार. आता मेलेला पुढारी एक कमी पडला तर माणसानं काय करावं? त्यांनी एका जिवंत माणसाचा फोटो लावला, नुसता, हार न घालता. तो माणूस एकदा ऑफिसात आला, आपला फोटो कुठल्या ओळीत आहे ते त्यानं पाहिलं, आणि चहा न घेता गेला.

नव्या पक्षाची नवी नोंदवही आली तेव्हा पहिला नंबर कुणाचा यावर दोन बैठका झाल्या. सर म्हणाले ज्येष्ठतेनं माझा, तात्या म्हणाले संख्येनं माझा. शेवटी असं ठरलं, की दोन्हीकडचे जुने सभासद आपापल्या जुन्या यादीत राहतील आणि वहीत फक्त नवी माणसं येतील. मग पहिला नवा माणूस असा पाहिजे, की पेपरात चांगला दिसेल. नेमकी त्याच दिवशी मी रशीदाला घेऊन गेले होते, कारखान्याला द्यायचा एक अर्ज सरांकडून लिहून घ्यायला. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे पाहिलं.

"कष्टकरी आहे," सर म्हणाले. "महिला आहे. शिवाय..."

ते 'शिवाय' सरांच्या घशात अडकलं. तात्यांनी ते बाहेर काढलं. "शिवाय मोमीनपुऱ्यातली आहे."

अशी रशीदा पहिल्या नंबरची मेंबर झाली. अर्ज लिहायचा राहिलाच.

परत येताना तिनं मला विचारलं, "आत्या, आता मेंबरनं काय करायचं असतं?"

"मीटिंगला यायचं. सतरंजी घालायची."

"ती तर मी पंधरा वर्षं घालतेच की."

"मग आता पावती घेऊन घाल."

ती खळखळून हसली. रशीदा वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान. एकेचाळीस दिवसांच्या संपात कडेवर पोर घेऊन तिनं दोनशे बायांची भाकरी थापली होती. मालकाचा ट्रक अडवायला रस्त्यात आडवी पडलेली पहिली बाई ती, दुसरी मी. तेवढं एक मी खरं सांगते, पहिली ती.

त्यानंतर तीन महिन्यांत नगरपालिकेची निवडणूक लागली. बायकांच्या राखीव जागा तेव्हा पहिल्यांदाच आल्या होत्या, त्यामुळे सगळ्या पुढाऱ्यांना एकाएकी आपापल्या घरातल्या बायका आठवल्या. जागा सतरा. निम्म्या निम्म्या करायला बसले तर आठ यांना, आठ त्यांना आणि एक उरली. अकरा नंबर वॉर्ड, महिला राखीव. अर्धा मोमीनपुरा आणि अर्धी मागची शिंपी आळी.

त्या एका जागेसाठी बैठक बसली. सकाळी दहाला बसली ती दुपारचे चार वाजले तरी उठेना. मी भिंतीला टेकून बसले होते. माझं तिथं काम म्हणाल तर घोषणा देण्यापुरतं, पण तीस वर्षं मी एकही बैठक चुकवली नव्हती.

तात्या म्हणाले, "जागा आमची. मोमीनपुऱ्यात आमच्या सोसायटीचं दुकान आहे."

सर म्हणाले, "तत्त्व महत्त्वाचं, दुकान नव्हे."

"मग तत्त्वानं सांगा, जागा कुणाची?"

सरांनी चष्मा पुसला. मग एकदम उजळ चेहऱ्यानं म्हणाले, "ही जागा तुमची नको आणि आमची नको. जी या दोन्ही जुन्या पक्षांच्या यादीत नाही, अशा नव्या सभासद भगिनीला ही जागा द्यावी. ऐक्याचं प्रतीक म्हणून."

मला वाटलं, तात्या उसळतील. तात्या तर मान डोलवायला लागले. मी दोघांना वर्षानुवर्षं ओळखत होते. सरांची पुतणी पुण्याहून नुकतीच घरी आली होती आणि ती कुठल्याच पक्षात नव्हती. तात्यांची धाकटी मेहुणी गावातच दिली होती, तीही कुठल्याच पक्षात नव्हती. दोघांच्या मनात एकाच वेळी एकच. चोरही इतक्या एकमतानं काम करत नाहीत.

मग तात्यांच्या ध्यानात आलं, की सर एवढे खूश का? सरांच्याही ध्यानात आलं, की तात्या मान का डोलवतात? दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"एक दुरुस्ती," तात्या म्हणाले. "आजच्या तारखेनंतर जो नवा सभासद होईल, तो धरायचा नाही. उगाच लोक आयत्या वेळी नावं घुसडतात."

"मी तेच सुचवणार होतो," सर म्हणाले. "आजच्या तारखेपूर्वीचाच नवा सभासद धरावा."

दुरुस्ती एकमतानं पास झाली. टाळ्या वाजल्या. दोघांनीही एकमेकाला अडवलं होतं, म्हणून दोघंही समाधानात होते.

मग मी बसल्या जागेवरून विचारलं, "म्हणजे आता कोण कोण धरायचं?"

सरांनी वही उघडली. लांबलचक वही, चारशे पानांची. पहिल्या पानावर पहिल्या ओळीत एक नाव होतं. त्याखाली काही नाही. तीन महिन्यांत या पक्षात कोळनेरातला दुसरा एकही नवा माणूस शिरला नव्हता.

तात्यांनी पान उलटून मागं बघितलं, जणू मागच्या बाजूला काही असेल.

मी हसले. पदर तोंडाशी न घेता हसले. म्हटलं, "करा की एकमतानं पास. टाळ्या माझ्याकडून."

आणि काय करतात? नियम त्यांनीच केला होता, शाईसुद्धा ओली होती. रशीदाचं नाव पास झालं.

रशीदाकडे मी तशीच उठून गेले. ती उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. बोटं चालू, नजर गल्लीकडे. मी सांगितलं. बोटं थांबली नाहीत, पण त्या विडीचं तोंड नीट दुमडलं गेलं नाही. तिनं ती उसवून पुन्हा वळली.

"आत्या, चेष्टा करता का गरिबाची?"

"चेष्टा त्यांची झाली. तुझी नाही."

"मला बोलता येत नाय."

"त्या पक्षात बोलणारे भरपूर आहेत. तिथं गप्प बसणारं कुणीतरी पाहिजेच."

ती हसली नाही. सूप बाजूला ठेवून तिनं पायांवरची तंबाखू झटकली. "निवडून आले तर मला काय करता येईल?"

"काय करायचंय तुला?"

तिला विचार करावा लागला नाही. "नाल्याकडच्या संडासाला दारं. आठ वर्षं दारं नायत. आम्ही चादर धरून उभ्या राहतो एकमेकींसाठी. माझी सकिना आता मोठी झाली. ती पाणीच पीत नाय दिवसभर, जावं लागेल म्हणून. परवा शाळेत चक्कर येऊन पडली."

मला ते माहीत होतं. सगळ्या कोळनेराला माहीत होतं. सर त्यावर भाषणात बोलायचे, 'स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न' म्हणायचे.

"दारं बसतील," मी म्हटलं.

"फॉर्म भरायला तुम्ही याल ना संगं? मला तिथलं काय कळत नाय."

"येईन. सूचक लागतो वॉर्डातला, तोही मीच आणीन. तू फक्त ये. सोमवारी दोन वाजता, पालिकेत."

तिनं माझा हात धरला. तंबाखूनं पिवळी झालेली बोटं. माझीही तशीच होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी दोघं पुढारी माझ्या घरी आले. एका जीपमधून आले, हे आधी लिहून ठेवायला हवं, कारण ते त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. तीस वर्षांत सर माझ्या दारापर्यंत आले होते, आत नाही. 'ठकूबाई, उद्या मोर्चा आहे, दोनशे बाया पाहिजेत' एवढं बाहेरूनच सांगून जायचे. त्या दिवशी दोघंही आत आले आणि माझ्या बाजेवर शेजारी शेजारी बसले. बाज खाली गेली तसे दोघं घसरून एकमेकांना चिकटले. खरं ऐक्य मी तेवढंच पाहिलं.

"ठकूबाई," सरांनी सुरुवात केली, "रशीदाच्या उमेदवारीला आमचा तत्त्वतः पूर्ण पाठिंबा आहे."

"पण," मी म्हटलं.

"पण नाही. केवळ एक वास्तव. आपण धर्मनिरपेक्ष आहोतच. मतदार अजून तेवढा झालेला नाही."

"शिंपी आळीतली आठशे मतं समोरच्याला जातील," तात्या म्हणाले. "हे तुमच्या सरांना सांगायला लाज वाटते, मला नाय वाटत. मोमीनपुऱ्यात साडेसहाशे. बाई पडली म्हणून समजा."

"मग मोमीनपुऱ्यात तुम्ही भाषणं काय म्हणून करता? हिंदू-मुसलमान एक म्हणून?"

"भाषण वेगळं, ठकूबाई."

"पेपरात फोटो छापला तेव्हा आठशे मतं कुठं होती?"

सरांचा हात चष्म्याकडे गेला. मी म्हटलं, "राहू द्या, काच झिजेल."

मग सरांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. आमच्या श्रमिक पक्षाची यादी. "एक तांत्रिक बाब लक्षात आली आहे. तुमचं सभासदत्व... अकरा वर्षांपूर्वी संपलं. नूतनीकरण करायचं राहून गेलं. म्हणजे काटेकोरपणे पाहता, तुम्ही कुठल्याच जुन्या पक्षात नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अकरा वर्षं मी मोर्चे काढले, दोनदा जेलमध्ये गेले, थंडीत चौकात बसून राहिले, ते सगळं एक परकी बाई म्हणून. ते नूतनीकरण करणारे, यादी लिहिणारे सरच होते.

"वही आमच्याच ताब्यात आहे," तात्या म्हणाले. "रशीदाच्या खालची ओळ मोकळी आहे. मागची तारीख टाकली की तुम्ही नंबर दोन. नियमात बसतं. दोघींतून निवड समिती करील. शिंपी आळी तुम्हाला मानते, मोमीनपुराही मानतो. तुम्ही पडत नाय."

मी उठून उभी राहिले. मग मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. त्यातलं थोडंच घरात लिहिण्यासारखं आहे. सरांना म्हटलं, तुमच्या धोतराला डाग पडत नाही कारण तुम्ही कधी खाली बसलाच नाही. तात्यांना म्हटलं, तुमच्या सत्तर एकरांत माणुसकीचं एक रोपही उगवलं नाही. म्हटलं, दोन पक्ष होते तेव्हा एका खोटारड्याला दुसरा खोटारडा पकडायचा, आता तीही सोय गेली. म्हटलं, तुमच्यापेक्षा समोरचे बरे, ते रशीदाला तोंडावर नको म्हणतात. मागच्या गल्लीतल्या बाया दाराशी येऊन ऐकत होत्या. मला थांबता येत नव्हतं.

ते ऐकून घेत होते. माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुढारी शिव्या इतक्या निवांत ऐकून घेतात, तेव्हा त्यांना घाई नसते.

माझं बोलून झाल्यावर तात्या शांतपणे म्हणाले, "झालं? आता एक सांगा. तुम्हाला काय पाहिजे?"

आणि ते दोघं माझ्याकडे बघत राहिले.

सोमवारी दोन वाजता रशीदा पालिकेच्या जिन्याशी उभी होती. इस्त्रीचं पातळ, केस चापून बसवलेले, डोक्यावर पदर. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत मतदारयादीचा नंबर लिहिलेला कागद, तिनं दोनदा घडी घालून ठेवलेला. मला बघून तिचा चेहरा फुलला. मग तिनं माझ्या मागं पाहिलं. सर होते, तात्या होते, आणि तात्यांच्या हातात पक्षाच्या चिन्हाचं पत्र.

"आत्या, सूचक कुठाय?" तिनं विचारलं. "मी तर एकटीच आले."

मी तिला सांगायला हवं होतं. रविवारचा अख्खा दिवस माझ्याकडे होता. तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या. मी रविवारी घरातून बाहेर पडलेच नाही.

"रशीदा," सर म्हणाले, "समितीनं परिस्थितीचा साकल्यानं विचार करून..."

"पत्रावर ठकूबाईंचं नाव आहे," तात्या म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याच्या कठड्याकडे पाहिलं. कठडा नुकताच रंगवलेला होता, हिरवा.

तात्यांनी 'काय पाहिजे' असं विचारलं, तेव्हा मी हे म्हणू शकले असते, की मला काही नको. तीस वर्षं मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानंही नाही, मुलांनीही नाही, दीक्षित सरांनी तर नाहीच. वर्षानुवर्षं मी त्या दोघांच्या अकलेला हसत होते, आणि मनातल्या मनात त्यांच्याच खुर्चीकडे बघत होते. मी सही केली. मागची तारीख सरांनी सुवाच्य अक्षरात टाकली.

आत गेलो तेव्हा अडीच वाजले होते. तीनला मुदत. अधिकाऱ्यानं माझा फॉर्म पाहिला आणि विचारलं, "सूचक?"

सरांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी सरांकडे.

"सूचक तुमचा ठरला होता," सर म्हणाले.

"उमेदवार तुमच्या बाजूची, म्हणून सूचक तुमचा. अनुमोदनाचं भाषण आमचं."

"असं ठरलेलं नाही. इतिवृत्त पाहा."

"इतिवृत्त ऑफिसात आहे."

"बंधूंनो," अधिकारी म्हणाला, "वॉर्ड अकराचा मतदार पाहिजे. अर्ध्या तासात. नाहीतर फॉर्म बाद."

तात्यांची जीप मोमीनपुऱ्यात जाणार होती, पण ड्रायव्हर जेवायला गेला होता आणि चावी त्याच्याच खिशात. सर बाहेर धावले, धोतर सांभाळत परत आले, एक माणूस घेऊन. तो निघाला वॉर्ड नऊचा. तात्या एका रिक्षावाल्याशी बोलून आले, तो गावातलाच नव्हता. तीन वाजायला बारा मिनिटं कमी.

दोघं एकदम माझ्याकडे वळले, आणि मग माझ्या मागं. रशीदा अजून तिथंच होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर, पिशवी दोन्ही हातांत धरून. ती गेली नव्हती.

"तुम्हीच सांगा तिला," तात्या हळू म्हणाले. "तुमचं ऐकेल."

मी गेले.

"रशीदा, सूचक पाहिजे. वॉर्डातला."

"म्हणजे काय करायचं असतं?"

"सही करायची. तू माझं नाव सुचवतेस, अशी."

मग पिशवी उघडून तिनं तो दोनदा घडी केलेला कागद काढला. तिचा नंबर. टेबलाशी येऊन तो अधिकाऱ्यापुढं उलगडून ठेवला. पेन घेतलं. नाव लिहायला मीच तिला संपात शिकवलं होतं, रस्त्याच्या कडेला, मातीत बोटानं. ती 'र' अजून मोठा काढायची.

सही झाल्यावर तिनं पेन सरांना दिलं नाही, तात्यांना दिलं नाही. माझ्या हातात ठेवलं.

"आत्या, तुम्हाला पाहिजे होतं तर शनिवारीच सांगायचं ना," ती म्हणाली. "मी वॉर्डातल्या पन्नास बाया आणल्या असत्या सूचक म्हणून."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी तो शोधत होते.

"जाते. पानं भिजत टाकलीत, जास्त भिजली तर काळी पडतील."

ती जिना उतरून गेली. सर म्हणाले, "समंजस बाई आहे." तात्या म्हणाले, "चला, वेळेत झालं." मी दोघांनाही काही बोलले नाही.

एकशे सदतीस मतांनी मी निवडून आले. सहा महिन्यांत नाल्याकडच्या संडासाला दारं बसवली, लोखंडी, आतून कडी असलेली. बाहेर पाटी लावली, तिच्यावर माझं नाव. पक्ष तीन वर्षांत पुन्हा फुटला. दोन्हीकडचे मला न्यायला आले आणि मी दोघांचाही पाणउतारा करून त्यांना हाकललं. गावात अजून सांगतात, ठकूबाई कुणाला भीक घालत नाही म्हणून.

पण मला आठवतो तो प्रचाराचा चौथा दिवस. मोमीनपुऱ्यात मला दारोदार नेलं ते रशीदानंच. दुसरं कुणी नव्हतं. सर आणि तात्या पोस्टरवर कुणाचा फोटो वर घ्यायचा यात गुंतले होते. ती पुढं चालायची, प्रत्येक उंबऱ्यावर थांबून सांगायची, ही आपली आत्या, हिला मत द्या. एका घरात खाटेवर एक म्हातारी बसली होती, डोळ्यांनी अधू, पण कानानं तिखट. तिनं विचारलं, "अगं रशीदा, तू उभी राहणार होतीस ना? पेपरात फोटो आला होता तुझा."

रशीदा म्हणाली, "मी कुठं म्हणाले होते, अम्मा? तुम्ही कुणाचं तरी ऐकलंत."

म्हातारी माझ्याकडे वळली. मी दारात हात जोडून उभी होते. ते हात मला सोडता येईनात, आणि वर उचलताही येईनात.